दोन पास ठेव रे!

‘बँड’ हा शब्द उच्चारला की वाचकांच्या डोळ्यांसमोर लाल डगले घालून वरातीपुढे चाललेला ताफा उभा राहतो, याची मला कल्पना आहे. त्या ताफ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्याला निदान आधी विसार मिळतो. मी ज्या बँडमध्ये गिटार वाजवितो तो निराळा. आम्ही पाच जण. दिवसा कोणी बँकेत, कोणी शाळेत. रात्री एका गॅरेजात जमून स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली मराठी गाणी बसवितो. पाठीशी कंपनी नाही, चित्रपट नाही, पुढारी नाही. अशा संचाला ‘स्वतंत्र बँड’ म्हणतात. स्वतंत्र म्हणजे काय, तर तोटा सोसायला पूर्ण मुखत्यार!

गेल्या फाल्गुनात आम्ही पुण्यात एक कार्यक्रम केला. त्याचा जमाखर्च मी येथे मांडणार आहे. दिवाळी अंकात हिशेब मांडणे अभिरुचीला धरून नाही, हे कबूल; पण लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांचीच पूजा करतो ना? मग माझीही वही पाहा. सभागृहाचे भाडे 18,000 रुपये. ध्वनियंत्रणा 25,000. प्रकाशयोजना 8,000. टेम्पो आणि हमाली 4,000. जाहिरात, छपाई, चहापाणी 5,000. एकूण 60,000. तिकीट 300 रुपयांचे. विकली गेली 137. जमा 41,100. तोटा 18,900.

कोणी म्हणेल, एवढे भाडे भरता कशाला? मैदानावर गा! अवश्य. पण उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी हवी, आणि 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ला तो बंद झाला पाहिजे. मुंबईत धोबीतलावाजवळ रंगभवन होते. तेथील खुल्या मंचावर तरुण बँडांच्या कितीएक पिढ्या वाढल्या. शेजारी इस्पितळ, शाळा किंवा न्यायालय असले की 100 मीटरपर्यंत शांतता-क्षेत्र, हा नियम आला आणि तो मंच मुका झाला. 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव, जो पहाटेपर्यंत रंगायचा, त्यालाही घड्याळ बांधून घ्यावे लागले. मग आमची काय कथा? आजाऱ्याची झोप गाण्याहून मोठी आहे, म्हणून नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु त्यामुळे आम्हांला बंद सभागृहाखेरीज गती उरलेली नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. आणि सभागृह तरी कसे मिळते? सत्राच्या हिशेबाने! आमचा ड्रम आणि दहा माईक जुळवायला दोन तास लागतात. आम्ही पोचतो तेव्हा दुपारच्या नाटकाचा दिवाणखाना अजून रंगमंचावरून हललेला नसतो.

पण या अडचणी झाल्या चोहीकडच्या. माझे खरे भांडण निराळेच आहे, आणि ते सरकारशी नसून आपल्याच गणगोताशी आहे. त्या रात्री सभागृहात 137 माणसे नव्हती; 233 होती. उरलेली 96 माणसे पासावर आली होती!

प्रयोगाच्या दोन दिवस आधी माझ्या मामांचा फोन आला. “अरे, दोन पास ठेव रे!” मी चाचरत म्हटले, “मामा, तिकीट 300 चेच आहे.” मामा मोकळेपणी हसले. “आम्हीच तिकीट काढायचे तर भाचा बँडमध्ये असून उपयोग काय?” ते दोन पासांवर चौघांना घेऊन आले. मध्यंतरात चौघांनी बटाटेवडे आणि कॉफी घेतली. तेथे मात्र कोणी विक्रेत्याला ‘घरचेच आहोत की’ असे म्हटले नाही. मामा कंजूष नव्हेत. माझ्या मुंजीत त्यांनी सोन्याची अंगठी घातली होती. आजही मी मागितले तर 10,000 रुपये काढून देतील. पण भाच्याच्या गाण्याचे 300 रुपये द्यावयाचे, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. पैसा भाच्याला द्यायचा असतो, गाण्याला नव्हे!

आता पुन्हा वही उघडा. त्या 96 जणांनी तिकिटे काढली असती तर 28,800 रुपये आले असते. 18,900 चा खड्डा भरून 9,900 उरले असते, माणशी 1,980. श्रीमंत झालो नसतो, पण पुढल्या सभागृहाची अनामत भरता आली असती. आम्हांला शत्रूंनी बुडविले नाही. आमच्यावर प्रेम करणाऱ्यांनी बुडविले.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : कला ही सरस्वती, तिचा बाजार कशाला मांडता? महाराज, ज्या नाट्यसंगीताच्या नावाने आपण आज डोळे मिटतो, ते तिकिटावरच वाढले. 1880 साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातली पदे कोरी करकरीत होती, आणि लोकांनी पदरचे पैसे मोजून ती ऐकली. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला तो टिळक स्वराज्य फंडासाठी; तेथे तिकिटानेच देशकार्य साधले. म्हणजे तिकीट काढल्याने सरस्वती विटाळत नाही!

दुसरे उत्तर अधिक गोड : दिवाळी पहाट फुकटच असते की! असते ना. पण फुकटाचेही बिल कोणी तरी भरतो. आणि जो भरतो तो गाणी निवडतो. प्रायोजकाला गर्दी हवी असते, गर्दीला ओळखीचे गाणे हवे असते, म्हणून वर्षानुवर्षे तीच तीच गाणी नव्या झब्ब्यांत उभी राहतात. ती थोर आहेत, मीही ती गुणगुणतो. पण ज्या गाण्याला अजून कोणी ओळखत नाही त्याला प्रायोजक मिळत नाही. त्याचा वाली एकच : खिशातून तिकीट काढणारा अनोळखी श्रोता. फुकट पासाने आमचे पैसे जातात ते जावोत. नव्या गाण्याची जन्मण्याची जागाच जाते, हे मला सांगायचे आहे.

त्या कार्यक्रमानंतर आमच्या ड्रमवाल्याने आमची रजा घेतली. तो आता जुन्या गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजवितो आणि या दिवाळीत त्याच्या चार पहाटा ठरलेल्या आहेत. मी त्याला दोष देत नाही. त्याला घर आहे, मुलगी आहे. मामा परवा त्याची तोंड भरून स्तुती करीत होते.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. मित्राच्या नाटकाला मी तीनदा पासावर गेलो आहे. तिसऱ्या खेपेला सभागृह निम्मे रिकामे होते. पुढे ते नाटक बंद पडले. त्या दिवसापासून मी रांगेत उभा राहतो.

आम्ही चौघे नवा ड्रमवाला शोधीत आहोत. पुढला कार्यक्रम मार्गशीर्षात. तिकीट तेच, 300 रुपयांचे. फराळाचे ताट पुढे ओढण्याआधी वाचकांनी एवढेच करावे : आपल्या गावात कोणी पोरे स्वतःची गाणी गात असतील तर त्यांचे एक तिकीट काढावे. गाणे आवडले नाही तर खुशाल तसे तोंडावर सांगावे. पैसे मोजणाऱ्याला तो हक्क आहे. आणि मामा, तुम्ही हा अंक वाचताच, म्हणून येथेच सांगून ठेवतो. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुमच्यासाठी धरून ठेवीन. पास मात्र ठेवणार नाही.