कोणत्या बोटीने जायचे?

ईद जवळ आली, शाळांना सुट्टी लागली की मुंबईतल्या आपल्या घरांत गावी जाण्याचे बेत सुरू होतात. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे जाणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न असतो, रस्त्याने की दर्यातून? "बोटीनेच जाऊ," असे ठरते आणि सगळे निघतात. पण मुंबई बंदरातल्या सगळ्या बोटी सारख्या नाहीत. कडेवर लहान मूल आणि सोबत नानीजान असताना आपण कोणत्या बोटीत चढतो, हे महत्त्वाचे आहे.

सर्वांत ओळखीची ती लाकडी लाँच. गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला ती साधारण तासाभरात पोहोचवते. भाऊच्या धक्क्याहून मोरा आणि रेवसलाही लाँचच जातात. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी उतारूंसाठी धक्का बांधला, म्हणून हे नाव. लाँच स्वस्त पडते. मात्र चढताना एक पाय पायरीवर आणि दुसरा हलत्या बोटीवर असतो. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांना ते जड जाते. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी पाणी कमी पडते आणि फेऱ्या खोळंबतात. तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारावी.

दुसरी कॅटामरान. हिला दोन सांगाडे शेजारी शेजारी जोडलेले असतात, त्यामुळे ती कमी डोलते आणि मांडव्याला लाँचपेक्षा लवकर पोहोचते. ज्यांना बोट लागते, त्यांनी हिचे थोडे जास्त भाडे द्यायला हरकत नाही.

तिसरी रो-रो. मार्च 2020 पासून ती भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाते. मोटारी, दुचाकी थेट पोटात घेणारे हे मोठे जहाज. गाडी सोबत असेल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, सामान जास्त असेल तर आम्ही हिचेच नाव सुचवू.

चौथी खाडीतली तर. वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी अशा ठिकाणी ती काही मिनिटांत पलीकडे नेते. अंतर एवढेसे, म्हणून तिथे आपण सर्वांत बेफिकीर असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, दर्याचे वेळापत्रक मात्र पावसावर ठरते. साधारण जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा लाँच आणि कॅटामरान बंद असतात. रो-रो चालते, पण वारा वाढला तर तिचीही फेरी रद्द होते. अशा वेळी धक्क्यावर हुज्जत घालू नये. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या कित्येक घरांत तिची आठवण अजून निघते.

आणि संकट पावसाळ्यातच येते असेही नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. दर्या शांत होता, तरी पंधरा जणांचा जीव गेला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून अंगात घालावे. सीटखाली ठेवलेले जॅकेट ऐनवेळी हाताला लागत नाही. मुलाला त्याच्या मापाचेच द्यावे. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल निसटते. बहिणींनी बुरखा किंवा ओढणीच्या वरून जॅकेट घालून पट्टे आवळावेत, म्हणजे घोळ पायात येत नाही. बोट खच्चून भरलेली दिसली तर खुशाल सोडून द्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी येतेच. गावी वाट पाहणाऱ्यांना फोन करून सांगावे, "आम्ही पुढच्या बोटीने येतोय." त्यांना तेवढा उशीर चालतो.