पिशवीपाशी अडलेला पर्यावरणविचार

किरकोळ व्यापाराची पुरवठासाखळी, म्हणजे शेतात किंवा कारखान्यात तयार झालेला माल संकलन, प्रतवारी, गोदाम आणि वाहतूक अशा टप्प्यांतून दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था, पर्यावरणाला सोसवेल अशी कशी करावी, या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. ग्राहकाने कापडी पिशवी आणावी, जवळपास पिकलेले घ्यावे आणि वाकडी काकडी पाहून नाक मुरडू नये. त्याची आवड बदलली की दुकानदाराची खरेदी बदलेल, आणि खरेदी बदलली की शेतापर्यंतची सारी साखळी आपोआप सुधारेल, असे ते उत्तर आहे. ते देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या हाती सर्वांत कमी अधिकार, त्याच्याच माथी सर्वाधिक जबाबदारी मारणारा हा विचार मोठ्या खरेदीदाराच्या इतका पथ्यावर पडणारा आहे की त्याचे खंडन करणे भाग आहे.

‘जवळचे तेच चांगले’ हा त्यातील पहिला आधार फार काळ टिकत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ११९ देशांतील शेतांची माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासानुसार अन्नव्यवस्थेतून होणाऱ्या हरितगृहवायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के आहे. विमानाने येणारा माल वगळला, तर अंतरापेक्षा पीक कसे घेतले आणि त्यातले किती वाया गेले हेच निर्णायक ठरते. पिशवीचे म्हणाल, तर महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, आणि तरीही गोदामात खोक्यांच्या थप्पीभोवती गुंडाळली जाणारी फिल्म ग्राहकाच्या दृष्टीस कधी पडली नाही व म्हणून चर्चेतही आली नाही.

या मताचा खरा आधार मात्र एक आकडा आहे, आणि तो वारंवार पुढे केला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगभर १.०५ अब्ज टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे. त्यातील ६० टक्के घरांत, २८ टक्के उपाहारगृहांत आणि अवघे १२ टक्के किरकोळ दुकानांत वाया गेले. यावरून दोष गृहिणीच्या स्वयंपाकघराचा आणि दुकानदार जवळजवळ निर्दोष, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. तो काढणाऱ्यांनी हे मोजमाप कोठून सुरू होते याकडे लक्ष दिलेले नाही. ते दुकानापासून पुढचेच आहे. काढणीनंतर दुकानापर्यंत जे नासते त्याचा हिशेब अन्न व कृषी संघटना स्वतंत्रपणे ठेवते, आणि तो जगभरात सुमारे १४ टक्के भरतो. भारतात लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली फळे व भाज्यांचे नुकसान ४.५८ ते १५.८८ टक्के असल्याचे नोंदवले. जे पीक भाव नाही म्हणून तोडलेच गेले नाही, ज्या बागेत शेवटी जनावरे सोडावी लागली, ते या दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहते.

दुकानाआधीचे हे नुकसान कसे निर्माण होते, हे टोमॅटोच्या एका खेपेवरून स्पष्ट होते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरात टोमॅटोची बाग उभी करायची तर वाफ्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे ओल टिकवणारे प्लास्टिकचे आच्छादन, अंथरावे लागते, ठिबकच्या नळ्या टाकाव्या लागतात, बांबू रोवून तारा ओढाव्या लागतात आणि विद्राव्य खतांचे हप्ते द्यावे लागतात. रंग धरू लागलेली फळे तोडून, सुमारे २० किलोच्या प्लास्टिकच्या क्रेटांत भरून ती दुकानसाखळीच्या संकलन केंद्रावर जातात, तेव्हा तेथे आकार, रंग आणि साल पाहिली जाते. ठरल्यापेक्षा लहान, खांद्याशी हिरवे राहिलेले किंवा सालीवर ओरखडा असलेले फळ बाजूला पडते. चवीने आणि पोषणाने त्यात काही उणे नसते. हे निकष शेतकऱ्याने ठरवलेले नसतात आणि ग्राहकाला त्याविषयी कोणी विचारलेलेही नसते. शिवाय दुकानातील उठाव घटला की तेच निकष आणखी कडक करता येतात, आणि मग प्रतवारी हे खरेदी टाळण्याचे साधन होते. परत आलेला माल बाजार समितीत नेईपर्यंत तेथील लिलाव आटोपत आलेले असतात, आणि पडेल त्या भावात भाड्याचे पैसेही सुटत नसले तर क्रेट रस्त्याकडेलाच रिकामे केले जातात. त्या फळावर खर्ची पडलेले पाणी, खत, वीज आणि प्लास्टिक निसर्गाच्या खात्यातून वसूल झालेलेच असते. दुकानात पोहोचू न दिलेली वाकडी काकडी ग्राहकाने उदार मनाने स्वीकारावी, हा उपदेश म्हणूनच निरर्थक आहे.

येथे एका जुन्या वादाची आठवण अपरिहार्य आहे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट खरेदीची मुभा मिळाली, तेव्हा आडत्या दूर झाला की नासाडीही जाईल असे छातीठोकपणे सांगितले गेले. आडत्याच्या व्यवहारात दोष पुष्कळ होते आणि त्यांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु बाजारात लहान, मोठा, डागी असा सगळा माल कोणत्या ना कोणत्या भावाने कोणाच्या तरी हातगाडीवर जात असे, हा गुण थेट खरेदीच्या समर्थकांनी कधी मान्य केला नाही. निवडक मालच उचलणारा खरेदीदार मधला माणूस दूर करतो, पण उरलेल्या मालाला वाट ठेवत नाही.

तेव्हा सुधारणेचा आरंभ खरेदीच्या करारापासून व्हायला हवा. मोठ्या खरेदीदाराने पूर्ण खेप प्रतीनुसार वेगवेगळ्या भावाने उचलावी, दुय्यम माल प्रक्रियेकडे वळवण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी आणि मागणीचे प्रमाण लागवडीपूर्वी लेखी द्यावे. क्रेट त्याच्या मालकीचे असावेत आणि माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीने ते धुऊन परत न्यावेत. ही कल्पना नवी नाही. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे, तेव्हा रिकामी बाटली केंद्रावर परत जाई आणि धुऊन पुन्हा भरली जाई. तेव्हाचा ग्राहक आजच्यापेक्षा अधिक सद्गुणी नव्हता, व्यवस्थाच तशी बांधलेली होती. दुकानातील उघड्या शीतकपाटांना दारे बसवणे आणि त्यांतील शीतकवायूची गळती थांबवणे हेही याच यादीत येते, कारण आर-४०४ए हा प्रचलित वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट तापमानवाढ घडवतो. भांडवलबाजाराच्या नियामकाने २०२२-२३ पासून आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केलाच आहे. परत केलेल्या मालाचे वजन त्यात स्वतंत्र रकान्यात मागितले, तर संकलन केंद्रावरचे निकष पहिल्यांदा उजेडात येतील.

यावर भाव वाढतील हा आक्षेप ठरलेला आहे. परंतु परत आलेल्या मालाचे भाडे, पुन्हा केलेली हमाली आणि मातीमोल विक्रीचा तोटा हा खर्च आजही होतोच आहे, आणि तो शेतकरी भरतो. तो खरेदीदाराच्या वहीत मांडला गेला, तर निकष कडक करताना त्याला प्रथमच स्वतःच्या खिशाचा विचार करावा लागेल.