पारोचे दागिने

परवा दुपारी झाकपाक आटोपून जरा आडवी झाले, तोच भाचीनं हाक मारली, "मावशी, लवकर ये गं, 'देवदास' लागलाय!" संजय लीला भन्साळींचा, २००२ सालचा. जाऊन बसले ती तीन तास उठलेच नाही. चहाचं आधणसुद्धा विसरले!

काय तो थाट, बाई! पारोच्या घराच्या रंगीत काचा, चंद्रमुखीच्या महालाशेजारचं पाणी, त्यात हलणारे दिवे. हे सगळं आपल्या नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलेलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटाचा खर्च पन्नास कोटींच्या घरात गेला, अशी तेव्हा चर्चा होती. ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित त्या जड साड्यांत एकत्र नाचल्या, तेव्हा भाची तर डोळे विस्फारून बघत राहिली. तिचं लग्न ठरलंय ना! सध्या घरात दुसरा विषयच नाही.

"मावशी, पुस्तकातही हे अस्संच आहे?"

मी कपाटातून कादंबरीच काढून दिली. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'देवदास' छापून आली १९१७ साली. शरदबाबूंच्या पुष्कळ कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या आणि आपल्या आया-आज्यांनी त्या दुपारी वाचल्या, पदराला डोळे पुसले. गंमत म्हणजे पुस्तकात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटतच नाहीत. मग नाच कुठला! बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटातही दोघी वाटेत एकमेकींना नुसत्या बघतात आणि निघून जातात.

दागिने मात्र पुस्तकातही आहेत बरं का. देवदासच्या घरच्यांनी पारोला नाकारलं, म्हणून अपमानाच्या रागात वडिलांनी तिला एका श्रीमंत बिजवराला दिली. तिथला थोरला मुलगा तिच्याहून वयानं मोठा. लेक यशोदा, तीही लग्न झालेली. बापानं पुन्हा लग्न केलं म्हणून रुसून माहेरी येईना. पारोनं तिला बोलावून घेतलं आणि अंगावरचे सगळे दागिने तिच्या अंगावर चढवले. लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. पुढे पारोनं ते घर असं सांभाळलं, की कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

ज्या बाईनं मनापासून सोनं उतरवून दिलं, तिचं मन कुठे होतं? हे त्या भरल्या घरात कुणी विचारलं नाही. घर नीट चाललंय ना, मग बाई सुखात असणारच!

शेवटी चित्रपटात ती धावत सुटते आणि तो मोठा दरवाजा तिच्यासमोर बंद होतो. पाहताना आपलाही श्वास अडकतो. पुस्तकात दरवाज्याचा एवढा देखावा नाही. देवदास तिच्या घरापाशीच मरतो आणि तिला कळतं तेव्हा सगळं उरकलेलं असतं. तरीही ती धावते, आणि घरचीच माणसं तिला धरून आत आणतात. मला तर हेच जास्त लागलं.

तेव्हा मैत्रिणींनो, चित्रपट जरूर पाहा, डोळ्यांचं पारणं फिटेल. पण पुस्तकही वाचा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तिच्याबरोबर वाचा.

भाचीनं दोन दिवसांत संपवलं. तिसऱ्या दिवशी पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता मी सहज विचारलं, "काय गं, मुलगा तुला पसंत आहे ना? आईबाबांना नव्हे, तुला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

पोहे त्या दिवशी उशिरा झाले. बोलायला बरंच होतं.