जाळं कापलं, पुढे काय?

शनिवारी नातेपुत्याला घरी होतो. कोकणात जाळं कापून व्हेल शार्क सोडल्याचा व्हिडिओ दाखवला, तर आई म्हणाली, "जगला का रं त्यो पुढं?" बोंबला! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पुराव्याला फोटो लागतो. योजना झकासच. पण फोटो सुटकेचा, जगण्याचा नव्हे. तासन्‌तास झुंजलेल्या शार्कच्या रक्तात आम्ल वाढतं. पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो. उपग्रह टॅग लावल्याशिवाय ते नीट कळत नाही. (आमच्याकडे रिलीजनंतर मॉनिटरिंग नसेल तर क्लायंट फाडून खातो!)

माझं म्हणणं, थोड्या शार्कना तरी टॅग लावा. आणि भरपाई पटकन द्या, म्हणजे कोळी दादा सुरी काढायला विचार करत बसणार नाहीत.