खिडकी खाजगी, पण कोणापासून?

विद्यार्थी मित्रहो, संकेतस्थळे पाहण्यासाठी तुम्ही जो ब्राउझर वापरता, त्यात नेहमीच्या खिडकीखेरीज आणखी एक खिडकी असते. क्रोममध्ये तिला 'इनकॉग्निटो' म्हणजे अज्ञात म्हणतात. सफारी व फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हेट' म्हणजे खाजगी. ही खिडकी उघडली की आपण काय पाहतो ते कोणालाच कळत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या मते या गैरसमजाचा दोष वापरणाऱ्याकडे थोडा आणि त्या नावाकडे अधिक जातो.

प्रथम ही खिडकी काय करते ते पाहू. एरवी ब्राउझर तुम्ही भेट दिलेल्या पानांची यादी ठेवतो, अर्जात भरलेली माहिती लक्षात ठेवतो आणि 'कुकी' सांभाळतो. कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरजवळ ठेवायला दिलेला बिल्ला. पुढच्या खेपेस तो बिल्ला पाहून संकेतस्थळ तुम्हांला ओळखते. खाजगी खिडकी कोऱ्या खिशाने सुरू होते आणि अशा सर्व खिडक्या बंद केल्या की गोळा झालेले बिल्ले व पानांची यादी टाकून देते. ही सोय सफारीमध्ये 2005 साली आली, क्रोममध्ये 2008 साली व फायरफॉक्समध्ये 2009 साली.

आता तिची मर्यादा पाहा. तुमच्या शाळेच्या कार्यालयात जावक नोंदवही असते. बाहेर पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नोंद तीत होते. समजा, लिपिकाने त्या वहीचे एक पान फाडून टाकले. त्यामुळे पत्र गेलेच नाही असे होईल काय? पत्र पोस्टातून गेले; ज्या कार्यालयात पोहोचले तेथील आवक नोंदवहीत त्याची नोंद झाली. खाजगी खिडकी फक्त आपल्या जावक वहीचे पान फाडते. पोस्टावर आणि समोरच्या कार्यालयावर तिचा काहीही अधिकार चालत नाही.

महाजालावरही असेच घडते. तुम्ही एखादे पान मागवता तेव्हा त्या मागणीवर उत्तर कोठे पाठवायचे याचा पत्ता असावाच लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो नसेल तर पान तुमच्यापर्यंत येणारच नाही! ही मागणी शाळेच्या जाळ्यातून आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीमार्फत जाते. 'एचटीटीपीएस' पद्धतीने मजकूर बंद लखोट्यात जातो हे खरे. पण लखोट्यावरचा पत्ता, म्हणजे कोणते संकेतस्थळ व किती वाजता, हे वाटेवरच्यांना बहुधा वाचता येते. शिवाय खाजगी खिडकीत तुम्ही आपल्या खात्यात प्रवेश केला, तर आपले नाव तुम्ही स्वतःच सांगितले. संगणकावर कोणी देखरेखीचा प्रोग्रॅम बसवला असेल तर त्यालाही ही खिडकी अडवीत नाही.

हे सर्वांना ठाऊक असते असे मानू नका. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागो व हॅनोव्हर येथील संशोधकांनी 460 जणांना प्रश्न विचारले. गूगलच्या खात्यात प्रवेश केलेला असला तरी खाजगी खिडकीतील शोधांची नोंद होत नाही, असे त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते. 2020 साली अमेरिकेत गूगलवर याच विषयावरून दावा दाखल झाला. कंपनीने आरोप नाकारले. तरी 2024 साली झालेल्या तडजोडीत तिने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे वा त्यांतील ओळख पुसण्याचे मान्य केले. त्या खिडकीवरील सूचनाही अधिक स्पष्ट करण्यात आली.

मग ही सोय निरुपयोगी म्हणावी काय? मुळीच नाही. सायबर कॅफेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा शाळेच्या सामाईक संगणकावर काम करताना ती अवश्य वापरा. तुमच्यामागून त्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून ती तुमचे रक्षण करते. मात्र उतरवून घेतलेली गुणपत्रिका संगणकातच राहते. ती आठवणीने काढून टाका.

कोणी म्हणेल, "लपवण्यासारखे काही नसेल तर ही चिंता कशाला?" हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. आजाराविषयी किंवा वयात येताना पडणाऱ्या प्रश्नांविषयी माहिती शोधणारा मुलगा वा मुलगी काही गुन्हा करीत नसते. 24 ऑगस्ट 2017 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. असा हक्क असलेल्या माणसाला आपले संरक्षण कोठपर्यंत पोहोचते हे ठाऊक नसेल, तर तो भलत्याच भरवशावर राहतो. भिंत नाही हे माहीत असलेला माणूस जपून बोलतो. भिंत आहे असे समजणारा फसतो.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे की, संगणकाच्या तासांपैकी एक तास या विषयाला द्यावा. प्रयोग सोपे आहेत. आयपी पत्ता दाखवणारे संकेतस्थळ एकाच संगणकावर दोन्ही खिडक्यांत उघडा आणि आकडे ताडून पाहा. खाजगी खिडकीत एखाद्या पानाची बुकमार्कमध्ये नोंद करा, खिडकी बंद करा आणि ती नोंद शिल्लक आहे काय ते तपासा. व्याख्यानापेक्षा हे दोन प्रयोग अधिक शिकवतील.

आम्हांला विचाराल तर या सोयीला 'विसराळू खिडकी' म्हणावे. तिचा गुण तेवढाच आहे, आणि तो चांगला आहे. यापुढे कोणीही एखादी वस्तू 'खाजगी' वा 'सुरक्षित' आहे असे सांगितले, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल असा एक प्रश्न लगेच विचारा: कोणापासून?