पाच हजार आणि पन्नास

नागपूरहून आलेला रस्ता जाम या गावी फुटतो, एक हिंगणघाटकडे, दुसरा वरोरा-चंद्रपूरकडे. त्या चौरस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी मागच्या आठवड्यात माझ्यापुढे किरणोपचाराचे दोन कागद धरले. एक थोरल्या बहिणीचा, घड्यांवर फाटत आलेला: ५००० रॅड. दुसरा त्यांचा स्वतःचा: ५० ग्रे. आजार दोघींचा एकच. "तिले पाच हजार देल्ले, मले पन्नासच काहून?" आपल्याला गरीब म्हणून कमी दिलं, ही शंका त्या महिनाभर मनात घेऊन फिरत होत्या.

मी त्यांना सातबारा आठवायला सांगितला. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तसंच शंभर रॅड म्हणजे एक ग्रे. वावर तेवढंच, मोजणी वेगळी. त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

ग्रे हे एकक १९७५ साली आलं, लुई हॅरोल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाने. एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. जुन्या सवयीसाठी डॉक्टरांनी सेंटिग्रे जवळ केला, कारण १ सेंटिग्रे म्हणजे बरोबर १ रॅड. म्हणून रोजच्या त्याच डोसला एका कागदावर २ दिसतात, दुसऱ्यावर २००. आपल्याकडे या उपचाराला शेक म्हणतात. पण २ ग्रेने शरीर अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. घाव बसतो तो पेशीतल्या डीएनएवर. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या संदर्भात येणारा मिलिसिव्हर्ट निराळा. तो धोक्याचा अंदाज सांगतो, त्याची बेरीज यात करू नये.

हे सगळं रुग्णाने चौरस्त्यावर परक्या माणसाला विचारावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. कार्डावर मराठीत, अक्षरी एकक लिहावं: एकूण किती ग्रे, रोज किती, किती दिवस. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

दिवसांचं महत्त्व आकड्याइतकंच आहे. ५० ग्रे साधारण पंचवीस दिवसांत वाटून, आजाराच्या जागेपुरते देतात. अंगभर एकदम बसलेले चार-पाच ग्रेही उपचाराविना निम्म्या माणसांचा जीव घेऊ शकतात.

"मंग बहिणीले किती दिवसांत देल्ले?" बाईंनी विचारलं. जुना कागद मी उलटून पालटून पाहिला. त्यावर दिवस लिहिलेलेच नव्हते.