दवाखान्याची परवानगी : कागद की काळजी?



"डॉक्टरकडे पदवी आहे ना, मग हॉस्पिटल काढायला सरकारची परवानगी कशाला?" परवा पालकसभेनंतर एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

आपल्या राज्यात खाटा असलेलं खासगी रुग्णालय १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदवावं लागतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. शिवाय अग्निशमनचा ना-हरकत दाखला, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी, सोनोग्राफी मशीन असेल तर त्याची वेगळी नोंदणी. तालुक्याच्या गावी दहा खाटा टाकणाऱ्या डॉक्टरांना इतक्या कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यांची तक्रार खोटी नाही. फाईल अडते तोवर बाळंतिणीला लांबच्या शहरातच न्यावं लागतं.

मग परवानगीच नको का? तसंही नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. या तीनपैकी दोन रुग्णालयं सरकारी होती, आणि १९४९ चा तो कायदा सरकारी रुग्णालयांना लागूच नाही! आजारी बाळाला कुठे माहीत असतं, आपण सरकारी खाटेवर आहोत की खासगी?

माझं मत असं : परवानगी हवी, पण सगळे अर्ज एकाच खिडकीवर, ठरलेल्या मुदतीत निकाली निघावेत. आणि खरा जोर नंतरच्या तपासणीवर हवा. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो प्रत्यक्ष पाहून दिला जातो का, हा खरा प्रश्न आहे. नियमही सरकारी-खासगी दोघांना सारखेच हवेत.

आपल्याला हे नवीन नाही. शाळेच्या भिंतीवर लाल सिलिंडर असतं, रजिस्टरमध्ये 'आहे' अशी नोंदही असते. पण त्यावरची तारीख शेवटची कधी वाचली?

उद्या वर्गातल्या मुलांना ती वाचायला लावा. आणि पालकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की नोंदणीचा दाखला कुठे लावलाय आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे, एवढं जरूर बघा. दरवाजाला कुलूप असेल तर तिथेच विचारा.